काशीला न गेलेला गेणू

॥ श्री ॥
मु. टाकवे बुद्रुक, ता. मावळ
४ डिसेंबर १९३५

चि. गेणूस सरुबाईचे अनेक आशीर्वाद.

तुला टाकव्यात एक आजी आहे. वर्ण सावळा, खालचे दोन दात गेलेले. विसरला असशील म्हणून आधी ओळख करून दिली. नाचणीच्या पिठाचं गाठोडं चुलीपाशी विसरलास, टोपी खुंटीला विसरलास, आणि नाशिकला पोचल्यावर कार्ड टाकतो म्हणालास तेही विसरलास. कार्ड आलं ते धुळ्याहून, तेही इंदूरच्या पोस्टाच्या पत्त्यावर पत्र पाठवा एवढं सांगायला. सायकल तेवढी आठवणीनं नेलीस.

पत्र भिमाजी मास्तर लिहितो आहे. मी बोलते त्यातलं त्याला पसंत पडेल तेवढंच तो उतरवतो. मघाशी तुझ्या बापाला मी एक शब्द वापरला, तो त्याने गाळला. तू ओळखशील.

भात झोडून झालं, कणगी भरली. पांढरी गाय व्याली, कालवड आहे. आता काळजीची गोष्ट. परवा वडगावच्या बाजारात कार्ल्याचा अंबाजी तुझ्या बापाला भेटला. आमच्या शालूच्या लग्नाच्या बोलणीचं पुढं काय, मुलगा कुठं दिसत नाही, असं त्याने विचारलं. आपल्या महिपतीला लाज वाटली. लोणावळ्याच्या सायकल दुकानातलं काम टाकून पोरगा एकटाच सायकलवर बर्फ बघायला हिमालयाकडं गेलाय, हे चारचौघांत सांगणार कसं? तेव्हा तो बोलून बसला की गेणू काशीला गेलाय. पुण्यकर्म ऐकून अंबाजी खूश होईल असा त्याचा हिशेब.

अंबाजीचं तोंडच उतरलं. लग्नाआधी एकटा काशीला जातो तो गोसावी होतो, असं त्याचं म्हणणं. त्याचा चुलता असाच गेला होता. पुढे कितीतरी वर्षांनी जटा वाढवून आपल्याच दारात भिक्षेला उभा राहिला, आणि घरच्यांनी न ओळखता पसाभर पीठ घालून त्याला वाटेला लावला. अंबाजीचा निरोप आलाय, बैराग्याला पोरगी देणार नाही. तळेगावचं एक कंपाउंडरचं स्थळ आहे, ती मंडळी माघात शालूला बघायला येणार.

कार्ल्यात अंबाजीच्या दारासमोर थांबून तू चाकात हवा भरायचास. एवढी हवा कुठल्याच चाकाला लागत नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. तर खरं काय ते लिही. पोरगी हवी का बर्फ? दोन्ही हवं असेल तर तसं सांग, म्हणजे मला पदर खोचायला बरं.

माया आहे तशी राहू द्यावी. ते जमत नसेल तर पत्ता तरी लक्षात ठेवावा.

सरुबाई (अंगठा)


इंदूर
१५ डिसेंबर १९३५

तीर्थस्वरूप आजीस गेणूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. टोपीची आठवण सेंधव्याच्या घाटात झाली. खंडाळ्याच्या घाटाशेजारी वाढलेल्या माणसाला सातपुडा भारी वाटू नये, पण उतारावर पुढचा ब्रेक तुटला आणि मी सायकलीसकट बाभळीत शिरलो. तोंडावर ओरखडे आहेत, बाकी धडधाकट आहे. ब्रेक लोहाराकडून बसवून घेतला. तो म्हणाला, बैलगाडीच्या कामाचा आहे, तुटायचा नाही.

इकडे मैलच्या मैल सपाट रान आहे. सकाळी दिसलेलं झाड दुपारीही दिसतं. भात कुठं मिळत नाही, गव्हाच्या रोट्यांनी पोटाचा दगड झाला आहे. दाढी वाढली म्हणून एका गावात एक बाई माझ्या पाया पडली. ही गोष्ट कृपा करून अंबाजी आबांच्या कानावर घालू नकोस.

विचारलंस म्हणून लिहितो. शालू हवी, आणि बर्फही हवं. दोन्हींतलं एकच मिळणार असेल तर शालू. तू म्हणशील तर सायकल रेल्वेत टाकून माघाच्या आत परत येतो. दिल्लीच्या पोस्टात तुझं उत्तर पाहीन आणि मग वर जायचं की घरी, ते ठरवीन. आबांना मात्र खरं सांग. काशीचं ओझं घेऊन मला चढ चढवणार नाही.

तुझी कृपा माझ्या चाकांवर असू दे.

तुझा गेणू


॥ श्री ॥
मु. कार्ले
२६ डिसेंबर १९३५

चि. गेणूस आशीर्वाद.

वर कार्ले लिवलंय ते चुकून न्हाई. मी अंबाजीच्या ओसरीवर बसलीय अन् अक्षर शालूचं हाय. ही मी बोलते तसंच लिवती, एक शब्द गाळत न्हाई, त्यामुळं मलाच आता जपून बोलावं लागतंय.

सकाळी महिपतीला म्हणलं, गाडी जुंप, तू सांडलंस ते आता तूच भर. पर हितं आल्यावर तो चपलांकडं बघत बसला, तवा मीच तोंड उघडलं. अंबाजीला सांगितलं, पोरगा काशीला गेला न्हाई, देवाधर्माचा त्याला एवढा नाद न्हाई, नुसता बर्फ बघाया गेलाय. त्यानं विचारलं, काय काम काढून? मी म्हणलं, काईच न्हाई. तवा तो म्हणला, गोसाव्याला निदान देव तरी असतो. बिनकामाचा जो जातो तो उद्या पोरीला टाकून बी बिनकामाचाच जाईल.

मग मी म्हणलं, ते ऱ्हाऊ दे, आलोय तर पोरगी तरी बघू दे. पोरगी बघताना तिला चालवून बघत्यात, सुई ओवाया लावत्यात. मी म्हणलं, मला चालणं नको अन् सुई नको, तिनं माझं पत्र लिवून दावावं. अंबाजीला नको म्हणता येईना. पोरगी चौथी शिकली म्हणून गावभर त्यानंच सांगितलेलं. आता तो समोर बसून ऐकतोय, म्हणून सांगते की अंबाजी लय शहाणा माणूस हाय. हे लिवताना शालू हसली.

परत येऊ का म्हणून तू विचारलंस. मी म्हणलं, ज्या पोरीचा प्रश्न हाय तिलाच विचारू. बाप म्होरं बसलेला, ती काय बोलती? पर दौत जवळ ओढून तिनं खाली चार ओळी लिवल्यात. वाचून दाव म्हणलं तर मान हलवती. मला वाचता येत न्हाई, अंबाजीलाबी न्हाई, अन् महिपती अजून चपलांकडंच बघतोय. तवा तिनं काय लिवलं त्याला माझी संमती हाय असं समज.

जिव्हाळा वाढवावा, दाढी वाढवू नये.

सरुबाई

ता. क. रेल्वेने येऊ नये. अर्ध्या वाटेवरून परत आलेला माणूस जन्मभर तिकडेच बघत बसेल, आणि ते मला बघावे लागेल. बर्फ कसे असते ते आबांना समजेल असे त्यांच्या नावाने लिहावे. माघात तळेगावचे लोक आले तर सुई ओवायला मी फार वेळ लावीन. तेवढेच माझ्या हातात आहे. — शालू


मसुरी
१७ जानेवारी १९३६

तीर्थस्वरूप अंबाजी आबांस, महिपती यांचा मुलगा गेणू याचा सा. न. वि. वि.

शालूबाईंनी हे पत्र वाचून दाखवावे.

आबा, मी बिनकामाचा आलो हे खरं आहे. चढावर शेवटचा सगळा दिवस सायकल ढकलली, तेव्हा मीही स्वतःला हेच बोललो. पण वर आल्यावर ढग हटले. तुमच्या कार्ल्याच्या डोंगरावर दुसरा डोंगर ठेवा, त्यावर तिसरा, असे नजर थकेपर्यंत ठेवत जा, आणि सगळ्यांत वरच्यांना दिवाळीसारखा चुना लावा. मावळतीला तो चुना हळदीचा होतो, मग कुंकवाचा. इथे रस्त्याकडेलाही बर्फ पडलं आहे. पाय ठेवला की मिठाच्या पोत्यावर चालल्यासारखं करकरतं. हातात धरलं तर आधी पोळतं आणि मग पाणी होऊन जातं, त्यामुळे आणता येत नाही. सांगावंच लागतं.

ते बघत उभा होतो तेव्हा शेजारी कुणी नव्हतं. इथवर एकट्याने आलो त्याचं तोवर काही वाटलं नव्हतं, तिथे वाटलं. म्हणून परत येतो आहे. सायकलवरच येतो, वेळ लागेल. तुम्ही तुमच्या मुलीसाठी जे ठरवाल ते मान्य करीन, पण मी येऊन समोर उभा राहीपर्यंत थांबलात तर उपकार होतील.

दाढी काढली आहे. लेकरावर राग कमी करावा.

गेणू


॥ श्री ॥
मु. कार्ले
४ फेब्रुवारी १९३६

चि. गेणूस आशीर्वाद. अक्षर वळखलंस ना?

तुझं पत्र अंबाजीनं शालूकडनं दोनदा वाचून घेतलं अन् हूं म्हणून उठला. शालूला वाटलं, बोंबललं. पर तो गेला रस्त्यावर, विठाबाईच्या चहाच्या टपरीवर. तितं पुण्याची सर्विस मोटार थांबली की ड्रायव्हरला बोलावून तो बर्फाची गोष्ट सांगाया लागला, चुन्यासकट अन् मिठासकट. आधी म्हणायचा, आमच्या वळखीचा एक पोरगा हाय. दोन दिसांनी झाला, आमच्या पाव्हण्यातला हाय. अन् गेल्या बाजारापासनं, आमचा जावई.

हे त्यानं घरी सांगितलं न्हवतं. परवा तळेगावची मंडळी मोटारीतनं उतरली अन् त्यांनी विठाबाईला अंबाजीचं घर विचारलं. ती म्हणली, कोण, ज्याचा जावई हिमालयावर चढलाय तो अंबाजी का? कंपाउंडरच्या बापानं विचारलं, त्याला पोरी किती? ती म्हणली, एकच. त्यांनी उभ्या उभ्या चहा घेतला अन् परतीच्या मोटारीनं गेले. हितं शालू सुई घेऊन बसलेली, पोहे गार झाले. अंबाजी तावातावानं टपरीवर गेला, तर विठाबाईनं त्यालाच विचारलं, तू बोललास का न्हाई? दोन ड्रायव्हर साक्षीला हुबे.

काल तो आमच्या टाकव्याला आला. महिपती लगबगीनं उठला, पर अंबाजी सरळ माझ्यापाशी येऊन बसला. पानबिन काई घेतलं न्हाई. एवढंच बोलला, “मावशी, पोरगं परत येतंय न्हवं?”

मी म्हणलं, “व्हय. बर्फाचं सांगायला येतंय.”

मग पान घेतलं. भाताच्या वाफ्यांवर पालापाचोळ्याचा राब भाजायच्या आत तू यायचंस, अन् पाऊस लागायच्या आत लग्न, असं ठरलं. मला गाडीत घालून तोच हितं घेऊन आला, तुला कळवाया.

आता एक नवी पंचाईत. टपरीवरची गोष्ट रोज वाढतीय. काल तू हिमालय वलांडून पलीकडं उतरलास. लग्नापातुर तू कुटं कुटं जाशील ह्याची मला धास्ती हाय. तवा माझं ऐक. दिल्लीच्या बाजारात अक्रोड मिळत्यात म्हणं. चांगले टणक बघून पिशवीभर पोस्टानं अंबाजीच्या नावावर पाठव. फोडलेले पाठवू नको. फोडत बसंल तेवढा वेळ तरी गप ऱ्हाईल.