वगारीचा पहिला चीक

उंद्री, ता. १६ मे २००६, दुपारी ४ वाजून १० मिनिटे

ती. सुचिताताईस, शि. सा. न. वि. वि.

म्हशीजवळ बसून लिहितो आहे. ३.२५ ला ती व्याली, वगार झाली. बाबांनी नेहमीप्रमाणे बजावले की व्याल्यानंतरची जार (वार) पडेपर्यंत पिल्लाने कासेला तोंड लावायचे नाही. मागची दोन्ही पिल्ले अशीच थांबवली आणि आठवड्याच्या आत हगवणीने गेली.

गुरांच्या डॉक्टरांनी मला कागदावर आतडे काढून दाखवले होते. जन्मलेल्या पिल्लाकडे आजाराशी लढायला काहीच नसते. ते बळ पहिल्या दुधात, चिकात असते. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी ते जसेच्या तसे रक्तात घेतात, पण पहिले काही तासच. दिवसभरात ते घेणे बंद होते. आपल्या म्हशीची जार पडायला दहा-दहा तास लागतात.

मी ३.५० ला वगार पाजली. बाबा ओरडले की नववी नापास तू, डाक्टर कवा झाला बे? मी हललो नाही. शेजारच्या शेषरावकाकांचा खरवसासाठी आलेला तांब्याही रिकामा परत पाठवला.

वगार मेली तर म्हैस विकून बीटी कपाशीच्या बियाण्याच्या थैल्या आणीन, असे बाबा म्हणतात. मी मरू देणार नाही.

रागावली नसशील तर लोभ राहू दे.

तुझा इंद्रभान

नांदुरा, ता. १९ मे

चि. इंद्रभानला अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हे विचारत होते की तुझा भाऊ वगारीचा मामा झाला की माय? मला मात्र त्या तांब्याची धास्ती. काकू वर्षभर ऐकवतील. दोन साल कपाशीत काही हाती लागले नाही, म्हणून बाबांची जीभ कडू झाली आहे. उलट बोलू नकोस. पण दावेही सोडू नकोस. शेण कसे आहे ते कळव. तू वहीत मांडत असशीलच.

आईला नमस्कार. माया आहेच, पत्राने वाढव.

तुझी ताई

उंद्री, ता. २५ मे, सकाळी ७

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

पाचव्या दिवशी शेण पातळ झाले. बाबांनी त्याच दुपारी गुरांचा व्यापारी बोलावला. मी दावे मनगटाला गुंडाळून गोठ्याच्या दारात बसलो. उलट बोललोच, क्षमा कर. म्हणालो की बीटीचं बी दरसाली इकत आणा लागते, वगार घरची हाये. व्यापारी चहा पिऊन गेला.

डॉक्टरांनी औषध दिले. दोन दिवसांत शेण बांधले गेले. चीक वेळेवर पोटात गेला म्हणून तिने एवढा तग धरला, असे ते म्हणाले.

बाबा अजून माझ्याशी बोलत नाहीत. आज धार काढताना मात्र त्यांनी एक अख्खा सड वगारीसाठी सोडला. मी माफी मागितलेली नाही आणि मागणारही नाही.

इतक्यावर तुझा लोभ टिकला तर मला पुरे.

तुझा इंद्रभान