पश्चिमेची भिंत

चेन्नई

आईच्या अन् बाबाच्या पाया पडते.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. आई, फोनवर तू "जेवली का" विचारून ठेवून देते, म्हणून लिहून राह्यली. ऊन लागू नये म्हणून टिनावर कपाशीच्या पऱ्हाट्या टाकल्या का औंदा?

दिवाळीत मी आपलं घर टेपानं मोजलं होतं, ते कॉम्प्युटरात बसवलं. जळगाव जामोदचं मे महिन्याचं ऊन त्यावर टाकलं, कुठं किती तापते ते कळावं म्हणून. ढिगानं आकडे आले. त्याचे तासातासाचे रंगीत नकाशे काढले, तर दुपारही लाल अन् मध्यरात्रही लाल. कॉलेजातले सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्या गावात रात्र होत नाही का?"

असा राग आला, काय सांगू. महिनाभर आकड्यांतच चूक शोधत बसली. आकडे बरोबर होते. कॉम्प्युटर प्रत्येक चित्रात जे सगळ्यात गरम, त्याले लाल रंग देत होता, मग ते पन्नास अंश असो का तीस. एवढं मले काऊन दिसलं नाही?

काल सगळ्या चित्रांले एकच माप लावलं. आता रात्री टिनं निळी दिसतात. फक्त पश्चिमेची भिंत पहाटेपर्यंत तापलेली राह्यते.

सरांले ते चित्र आवडलं. मले नाही. त्या भिंतीले लागून बाबाची खाट आहे. मागच्या उन्हाळ्यात बाबाले चक्कर आली, तेव्हा आपण जेवणाले दोष दिला.

बाबा म्हणतील, तिथून गोठा दिसते. म्हणू दे. माया चित्रावर अजून मायाच भरोसा नाही, तरी खाट आजच हलव.

तुयी,
करिष्मा