सागवानी ठसे शोकेसात जाणार न्हाईत

मी, नरहर भगवानराव कमठाणे, वय सव्वीस, धंदा डिझाइन, लेटरिंग आणि छपाई, राहणार हळ्ळीखेड (बी), तालुका हुमनाबाद, जिल्हा बीदर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहायलोय. डोकं ठिकाणावर हाय. बिघडलंय ते काळीज, त्यातली एक झडप, आणि लिहायच्या कामाला ती लागत न्हाई. कोणी धाक घातला न्हाई, कोणी लाडीगोडी लावली न्हाई. लाडीगोडी लावावी असं माझ्यापाशी काही न्हाईच, असं आमच्या थोरल्या भावाचं, अण्णाचं मत हाय.

हुमनाबादचे वकील पांडुरंगराव यांनी कोर्टाच्या मराठीतला एक तयार मसुदा दिला होता. मी कॉन्व्हेंटात शिकलेला माणूस. त्यातलं निम्मं मला समजलं न्हाई, आणि समजलेलं निम्मं मी जन्मात कधी बोललो नसतो. शिवाय तो टाइप केलेला, आणि त्या टाइपरायटरची प्रत्येक वेलांटी शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर बसलेली. असल्या कागदावर मी मरणार न्हाई.

येत्या मंगळवारी हैदराबादला जायचं, शुक्रवारी ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, शंभरातले नव्वद चालत घरी जातात. उरलेल्या दहांचं विचारलं, तर त्यांनी पुढचा पेशंट बोलावला. म्हणून हे.

एकाच गोष्टीसाठी लिहायलोय, ती आधीच सांगतो. माझ्या माघारी माझं ट्रेडल भंगारात जाऊ नये आणि माझे छपाईच्या अक्षरांचे लाकडी ठसे शोकेसात जाऊ नयेत. बाकीची कलमं ओघानं आली.

कलम १. ट्रेडल. पायानं चालवायची ही छपाईची मशीन गुलबर्ग्याच्या एका प्रेसनं टाकून दिली होती, ती मी लॉरीत घालून आणली. आणली तवा गावातली निम्मी माणसं बघायला आली आणि पिठाची गिरणी समजून गेली. ही मशीन मी चंद्रम्मा, पाट्या रंगवणाऱ्या बसलिंगप्पांची मुलगी, राहणार कमठाणा, यांना देतो.

कलम २. ठसे. मराठीचे तीन साइझ, कन्नडचे दोन, सगळे सागवानी, सगळे हातानं कोरलेले. मराठी मी कोरले, कन्नड बहुतेक चंद्रम्माअक्कानं. हे पण तिलाच. एकत्र. त्यातलं एक अक्षर सुद्धा वेगळं काढून कोणाला द्यायचं, विकायचं न्हाई.

हे असं स्पष्ट लिहायचं कारण आमचा अण्णा. किशन भगवानराव, माझा थोरला भाऊ, बीदरला लग्नपत्रिकांचं दुकान चालवतो. दुकान म्हणजे जाडजूड आल्बम. गिऱ्हाईक पान उलटतं, बोट ठेवतं, बाहेरून छापलेलं चकचकीत कार्ड येतं, खाली फक्त नावं भरायची. ह्याला तो डिझाइन म्हणतो. गेल्या वर्षीच्या दिवाळीला हैदराबादचा कोणी शौकीन त्याच्या दुकानात आला आणि म्हणला, जुनी लाकडी अक्षरं मिळतील का, हॉलमधी भिंतीला लावायचीत. तवापासनं अण्णाच्या डोळ्यापुढं माझे ठसे वॉर्निश होऊन टांगलेले हायत.

"एक एक सुटं विकू," अण्णा म्हणला. "लोकं आपल्या नावाचं पहिलं अक्षर घेतील."

"आणि ज्या अक्षरानं कोणाचं नावच सुरू होत न्हाई ते?"

"ते जळणाला."

माझ्या तोंडावर म्हणला, चहा पीत. माझ्याच कपातला.

कलम ३. ब्रश. खारीच्या केसांचे सात आणि एक मोठा, बसलिंगप्पांना परत. परत अशासाठी की त्यांनीच दिले होते. हैदराबादच्या आर्ट कॉलेजात मी चार वर्षं काढली. इंग्रजी टाइपांची नावं आज पण झोपेत सांगीन. पण मराठी 'क'चं पोट कुठून फुगायला सुरू होतं हे तिथल्या एका मास्तराला सांगता आलं न्हाई. सगळे परदेशातली मासिकं बघून मान डोलवायचे. सुट्टीत गावी आलो तर बाजारात बसलिंगप्पा शिडीवर, खताच्या दुकानाची पाटी रंगवायलेत. वर मराठी, खाली कन्नड, बाजूला उर्दू. पट्टी न्हाई, पेन्सिल न्हाई.

मी खालनं विचारलं, "अप्पा, आधी आखत कामून न्हाई?"

"आखलं की हात भितोय," ते म्हणाले. "तू कॉलेजात शिकायलास न्हाई का? मग शिडी धर."

मी शिडी धरली. डिग्री तिथं मिळाली असं मी मानतो. दुसरी, छापील, ट्रंकेत हाय, ती ज्याला पाहिजे त्यानं न्यावी.

आता अप्पांचा हात कापतो, पाट्या प्लास्टिकच्या झाल्यात. देवळाच्या कमिटीनं तर अप्पांनी रंगवलेली कमान खरवडून वर प्लास्टिकची अक्षरं चिकटवली. उन्हाळ्यात त्यातली दोन वाकली, एक पुजाऱ्याच्या खांद्यावर पडलं. कमिटीला मी काही देत न्हाई. डिंक सुद्धा न्हाई.

कलम ४. चंद्रम्मा कामून, असं बाबांनी विचारलं. अण्णानं विचारलं न्हाई, नुसता हसला. म्हणला, "बाईमाणूस छापखाना चालवणार, आणि आपण बघत बसणार." त्याच्यासाठी श्रीपतरावांच्या घरचं लिहून ठेवतो, कारण ते तो सगळ्यांना उलटं सांगतो.

श्रीपतराव, चिंताकीचे व्यापारी. मुलगी द्यायची होती हुमनाबादच्या कन्नड घरात. माझं कार्ड त्यांना खेड्यातलं वाटलं. अण्णाकडनं सातशे कार्डं आणली, आरशासारखी. आपल्याकडं पहिली हळद कार्डाला लागते, चारी कोपऱ्यांना ओल्या हळदीची बोटं, मगच वाटायला बाहेर. श्रीपतरावांच्या आई नागूबाई वाटी घेऊन बसल्या. हळद कागदात मुरंचना. बोट लावलं की ओघळ खाली, छापलेल्या मुहूर्तावरनं. तशीच एकावर एक रचली. सकाळी सोडवायला गेले तर सगळी चिकटलेली. ओढली की एका कार्डाचा गणपती दुसऱ्याच्या पाठीला.

नागूबाई म्हणाल्या, "हे कार्ड न्हाई बाबा, ताट हाय. धुवा आणि जेवायला घ्या."

श्रीपतराव पहिल्या बसनं हळ्ळीखेडला. लग्न आठ दिवसांवर. मला तवा आधीच दम लागायला सुरू झाला होता, ट्रेडलवर दहा कार्डं झाली की बसावं लागायचं. अप्पा कागद कापायले. मशीन चंद्रम्माअक्कानं चालवली. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, जाड बिनचकाकीचा कागद, हळद प्यायला तयार. कन्नडचा एक ठसा चिरलेला निघाला. तिनं पाय थांबवला, पदर खोचला, तासाभरात नवीन कोरला, छापून बघितला आणि परत पाय मारायला लागली. मी म्हणलं, "अक्का, थोडं बस."

"तू बसलायस की," ती म्हणली. "दोघं बसलो तर नवरा मुलगा येऊन छापणार काय?"

म्हणून चंद्रम्मा. अण्णा अजून सांगतो की दोष नागूबाईंच्या हळदीत होता, पाणी जास्त झालं.

ह्याच कलमात: छपाईची खोली बाबांच्या नावावर हाय. ती मी देऊ शकत न्हाई. बाबांनी तोंडी सांगितलंय की चंद्रम्माला पाहिजे तितकी वर्षं ती वापरू देतील. बाबा निवृत्त हेडमास्तर हायत, दिलेला शब्द विसरायची त्यांना सवय न्हाई, दुसऱ्याचा पण विसरू देत न्हाईत.

कलम ५. माझी वही, जिच्यात गावोगावच्या भिंती आणि पाट्यांवरनं उतरवलेली अक्षरं हायत, ती आईला, सुमतीबाईंना. शाळेला देऊ नये. शाळेत ती कपाटात जाईल आणि कपाटाची चावी क्लार्ककडं. आई वाचणार न्हाई, पण ती वही उशाला घेऊन बसंल, मला माहीत हाय. ह्या कलमावर मी जास्त लिहीत न्हाई.

कलम ६. मी गेलो तर दहाव्याची पत्रिका माझ्याच ट्रेडलवर, माझ्याच ठशांत, काळ्या शाईत. अण्णाच्या आल्बममधलं एक्केचाळीस नंबरचं, समई आणि खाली रडणारा मोर, ते लावलं तर मी उठून बसेन. फोटो नको. हार घातलेला फोटो सिमेंटच्या एजंटांच्या दुकानात टांगतात, मी एजंट न्हाई.

कलम ७. अण्णाला माझा कॅमेरा. हे कलम लिहिलं होतं, आता खोडलंय, आणि खोडल्याजागी माझी लहान सही केलीय. कारण असं. पांडुरंगराव वकील म्हणाले, ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये, पुढं भांडण लागतं. आणि ज्यानं साक्षीदार म्हणून सही केली, तो उद्या कोर्टात कुठल्या तोंडानं म्हणेल की हे मला मान्य न्हाई?

मी घरी येऊन अण्णाला बोलावलं. सगळं वाचायला दिलं. तो ओट्यावर बसून वाचायला, मी समोर. पानं उलटताना कान लाल व्हायले.

"एवढ्या शिव्या कोणी कागदावर देतं काय रे?"

"बोलायला दम पुरत न्हाई."

"ह्यात मला काय हाय?"

"कॅमेरा होता. खोडला. साक्षीदार तू हायस."

त्यानं परत ठशांचं पान काढलं. मग म्हणला, "म्हणजे ठसे गेले." मी म्हणलं, व्हय. "आणि सही न्हाई केली तर?" मी म्हणलं, तर मी ऑपरेशनच्या टेबलावर पडल्या पडल्या तोच विचार करत बसेन, आणि डॉक्टर म्हणालेत डोकं शांत पाहिजे. हे मी त्याला अडकवायला म्हणलं. खरं पण होतं.

हे मृत्युपत्र पहिलं आणि, शंभरातल्या नव्वदांत आलो तर, शेवटचं न्हाई. आधी कोणाला बोलता बोलता काही कबूल केलं असेल तर ते ह्यापुढं धरू नये. सगळं वाचून, माझ्या अक्षरात, माझ्या शाईत.

नरहर भगवानराव कमठाणे
हळ्ळीखेड (बी), १२ नोव्हेंबर १९८८

साक्षीदार, नरहरनं आमच्यासमोर सही केली:

१. रामाचार्य, निवृत्त शिक्षक, हळ्ळीखेड (बी).

२. किशन भगवानराव कमठाणे, बीदर. वरचं सगळं वाचलं, शिव्यांसकट. ठशांवर आणि मशीनवर माझा हक्क न्हाई. मशीनला तेल किती दिवसांनी घालायचं ते ह्यानं कुठं लिहिलं न्हाई, म्हणून विचारून घेतलं. आठ दिवसांनी. मंगळवारी ह्याच्या संगं मी जायलोय, तवा तेवढे दिवस तेल घालायचा निरोप चंद्रम्माला द्यावा.