धामापूरचं गाऱ्हाणं

कणकवली, ६ जानेवारी २०२५

ती. स्वप्नाआत्यास सा. न. वि. वि.

सुटका झालेल्या मुलींच्या या होममध्ये आम्हा स्टाफलाही मोबाइल अलाउड नाही, म्हणून पत्र. तू बावीस वर्षं हेच काम केलंस, तूच सांग. मी किती बिघडवलंय तेच कळत नाहीये.

××××ची वीस तारखेला कोर्टात साक्ष आहे. खूप घाबरलीय. म्हटलं, देवीला गाऱ्हाणं घालू. होमच्या मॅडमना विचारून काल तिला धामापूरला नेलं. गाऱ्हाणं घालणाऱ्या गणपतकाकांनी विचारलं, कोण, खंयची, मागणं काय. मी उत्साहात सगळं सांगितलं. आणि त्यांनी ते भर देवळात मोठ्यांदा देवीला सांगितलं! तिचं नाव, गाव, ती कुठे राहते, तिला विकणाऱ्या एजंटविरुद्ध साक्ष देणार आहे ते. चाळीस माणसं म्हणाली, 'व्हय म्हाराजा!'

लहानपणापासून गाऱ्हाणी ऐकतेय, पण ती लोकांनाही ऐकू येतात हे डोक्यातच आलं नाही. एजंटची माणसं तिला शोधतायत गं! परत येताना ती एसटीत एकदम हसली. का हसली?

रागाव, पण लोभ आटवू नकोस.

तुझी तन्वी


देवबाग, ८ जानेवारी

चि. तन्वीस अ. उ. आ.

गो शाणे, पत्र वाचून आधी तुझ्या मॅडमांका फोन केलंय. तू कालच रडत रडत सगळा सांगितलंस म्हणे. बरा केलंस. नायतर गुडघो दुखतो तरी येवन तुझो कान पिरगळलो असतो.

आणि पत्रातय तिचा नाव? मी शाईन खोडलंय. कोणाक सांगूचा तां तिणा ठरवूक होया. कामाच्या पयल्या वर्षी मीय एका मुलीचो फोटो पेपरात दिलंय. माका वाटला, केवढा मोठा काम! तिका गाव सोडूचो लागलो.

ती कित्याक हसली तां माका काय विचारतंस? तिका विचार. आणि जेव वेळेर.

हयली माया होती तितकीच आसा.

आत्या


कणकवली, २१ जानेवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

मी मॅडमना सांगितलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिला हलवलं. कुठे, ते मला सांगितलं नाही. बरोबरच आहे. जाताना मी विचारलं, का हसलीस. म्हणाली, तिला नेणाऱ्यांनी तिचं नावच बदललेलं. खरं नाव इतक्या मोठ्यांदा कोणी कधी घेतलंच नव्हतं. मग म्हणाली, पण आधी मला विचारायचंस.

काल साक्ष झाली. मॅडम सांगत होत्या, जजनी पडद्यापलीकडून हळूच नाव विचारलं, तर तिने गणपतकाकांसारखं खणखणीत सांगितलं. गावासकट.

मग मी केलं ते चूकच ना गं? हो, चूकच. पण तरी मला नीट कळत नाहीये. हे ऐकलं तेव्हा मी किचनमध्ये तांदूळ निवडत होते. आजूबाजूला बघितलं, कोणी नव्हतं. मग अगदी हळू म्हटलं, व्हय म्हाराजा.

गुडघ्याला जप, आणि माझ्यावरचा जीव आहे तसाच राहू दे.

तुझी तन्वी