काकांच्या स्कॅनरमधला हम

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया
मंगळवार, १८ नोव्हेंबर १९८६

प्रिय नीलाताई,

...तर रविवारी फोनवर तू विचारलंस, काकांच्या स्कॅनरचा तो गुणगुणणारा हम गेला का, आणि मी "गेला" म्हणालो, ते खोटं नव्हतं. फक्त काकू शेजारीच उभ्या होत्या, म्हणून पुढचं बोललो नाही. तिकडे तुझ्या बेलव्ह्यूला पत्र पोचायला वेळ लागेल, पण फोनवर मला हे जमलं नसतं.

तू कशी आहेस? ऑफिस काय म्हणतंय? इथे पहिला बर्फ पडून गेला. कॅम्पसची बस लेट, माझी असाइनमेंट त्याहून लेट. मराठी लिहायची प्रॅक्टिस पार गेलीय, चुका चालवून घे.

आधी टेक्निकल भाग सांगतो, कारण तो सोपा आहे. तू तुझ्या बाबांना, आमच्या काकांना, बर्थडेला दिलेला रेडिओ-स्कॅनर एकदम मस्त पीस आहे यार. पोलीस, फायर, ॲम्ब्युलन्स, सगळ्या चॅनल्सवर आपला आपण उड्या मारत राहतो, कुणी बोललं की थांबतो, नाहीतर गप्प. काका ॲम्ब्युलन्सवाल्यांचं बोलणं ऐकतात. पेशंट दारात यायच्या आधी डॉक्टरला कळलं पाहिजे, म्हणतात. पण तो गप्प असला की स्पीकरमधून घूंऽऽ असा हम यायचा. सप्टेंबरमध्ये मला जेवायला बोलावलं आणि वरणभातावर तूप वाढता वाढता म्हणाले, "इंजिनियर ना तू? मग हा भुंगा काढ."

भुंगा तेव्हा खरंच होता. स्कॅनर एका भिंतीच्या प्लगवर, स्पीकर दुसऱ्या भिंतीच्या, आणि मधली वायर ट्यूबलाइटच्या वायरला चिकटवून नेलेली. सगळं एका प्लगवर आणलं, वायर लांबून फिरवली. अर्धा हम गेला. पुढच्या रविवारी पॉवर सप्लाय उघडला तर आत कपॅसिटर फुगलेला, म्हणजे हम तिथूनच. इतका आनंद झाला मला! नवीन बसवला, सोल्डर केला, स्पीकरला कान लावला. काही नाही. माझा रूममेट अनिल बरोबर होता, त्यानेही कान लावला. काही नाही. काका म्हणाले, आहे अजून, तुम्हा पोरांचे कान वॉकमनने गेलेत.

आणि मी ते मानलं, ताई. ज्या माणसाने सगळं आयुष्य लोकांच्या छातीतले आवाज ऐकण्यात घालवलं, त्याच्यापुढे माझे कान काय? म्हणून शोधतच राहिलो. नवी वायर घातली, ट्यूब बंद केली, मग फ्रिज बंद केला आणि परत लावायचा विसरलो. काकूंचं सगळं आइसक्रीम वितळलं. तरी काकांचं एकच, आहे अजून.

मग अनिलचं झालं. तुला माहीतच आहे, जेवण झालं की काका स्टेथोस्कोप काढतात आणि आम्हा स्टुडंट्सना एकेक करून तपासतात. मशीन नंतर, आधी कान, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अनिलला म्हणाले, एकदम क्लीन, घोड्यासारखा आहेस. बसस्टॉपवर अनिल म्हणाला, "चारू, माझ्या हार्टला मर्मर आहे यार, ठोक्याबरोबर जादा फुस्स आवाज. जन्मापासून. नागपूरचे आमचे डॉक्टर शिकाऊ मुलांना बोलावून ऐकवायचे, इतका क्लिअर. काकांना कसा नाही आला?" मी म्हटलं, इथल्या पाण्याने बरा झाला असशील. तो हसला नाही.

परवाच्या रविवारी मी काकांच्या गाडीची बॅटरी काढून आणली आणि स्कॅनर तिच्यावर लावला. हम भिंतीतल्या करंटमधून येतो. बॅटरीत तो नसतोच, येऊच शकत नाही. काकांनी डोळे मिटून स्पीकरला कान लावला. येतोय, म्हणाले. मी बॅटरीची वायरच काढली. स्कॅनरचे लाल दिवे विझले.

"आता, काका?"

"हं. तसाच. जरासुद्धा कमी नाही."

वायर माझ्या हातात होती. काकू दारात उभ्या होत्या, त्यांनी ती बघितली. मला वाटलं, दचकतील. नाही दचकल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "तू या स्कॅनरचं बघ, चारू. त्यांचं मी बघते." काका दोन हात अंतरावर बसले होते आणि त्यांना ते ऐकू गेलं नाही. जाणार नाही, हे काकूंना माहीत होतं.

तेव्हा एकेक गोष्ट लक्षात आली. उन्हाळ्यापासून काकू क्लिनिकच्या काउंटरवर बसत नाहीत. आत, काकांच्या शेजारी बसतात. पेशंट बोलला की त्या तेच मोठ्याने परत बोलतात. घरी फोन आधी त्याच उचलतात. तुझाही.

मी वायर परत लावली आणि काकांना सांगितलं, एक पार्ट मागवावा लागेल. ते म्हणाले, "मागव. पण काढ मात्र. झोप लागत नाही रे त्याने."

ताई, स्कॅनर खाली स्टडीत असतो. झोपताना ते स्वतः तो बंद करून वर जातात.

मग हम आपल्याच कानात आहे, हे त्यांनाही माहीत आहे का? की माहीत करून घ्यायचं नाहीये? हे मला कळत नाही आणि विचारायची हिंमत नाही. काकू सांगणार नाहीत. क्लिनिक मात्र उद्याही उघडेल. अनिलला स्वतःच्या हार्टचं माहीत होतं. उद्या जो शर्ट वर करून बसेल, त्याला माहीत नसेल. काका त्याला क्लीन म्हणतील, तो आनंदाने घरी जाईल.

मी बोललो तर त्यांचं काम माझ्यामुळे सुटेल, आणि ज्या माणसाने मला या गावात पहिल्यांदा घरात घेतलं त्याच्याकडे बघायचं कसं, हे मला समजत नाही. गप्प बसलो तर तो पेशंट. तू मुलगी आहेस, तू सांगितलंस तर कदाचित त्यांना सोसेल. पण मग तुझी आई म्हणेल, चारूने माझ्या मागे तुला कळवलं, आणि ते खरंच असेल. ताई, तू येशील, की येत्या रविवारी जेवायच्या आधी मीच त्यांना सांगू? तुला काय वाटतं?

तुमच्या घरचं दर रविवारी जेवणारा,
चारू