पोहे कुणी केले?

१८ मार्च २०२५, मंगळवार

बातम्यांच्या नादात पोळी करपली! इथे इंग्लंडात सरकार अपंगांच्या भत्त्याचे नियम बदलणार म्हणे. पिप — आमच्या शाल्मलीला मिळतो तोच.

आत्ता कसं आहे, स्वयंपाक, अंघोळ, कपडे, अशा रोजच्या एकेका कामात माणूस किती अडतो त्याचे गुण देतात. सगळ्यांची बेरीज पुरेशी भरली की झालं. पुढे एका तरी कामात चार गुण हवेत. सगळीकडे थोडं थोडं अडून उपयोग नाही, एका जागी नीट आडवं पडलं पाहिजे! कुठल्या शहाण्यानं काढलं हे?

संजय म्हणाला, "अजून कायदा झालेला नाही. आधी जेवू दे." यांचं पोट आधी.

शाल्मलीला तेविसाव्या वर्षी संधिवात जडला. आता एकोणतीस. त्या भत्त्यातून सकाळी लिंडा येते, तिचं आवरून देते, म्हणून ती लीड्सच्या त्या टोकाला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहते, घरून नोकरी करते. लिंडा गेली तर फ्लॅट गेला. फोनवर म्हणाली, "आई, मी तुमच्या त्या इवल्याशा बॉक्सरूममध्ये परत नाही येणार हां. आय मीन इट." बरं बाई. आम्ही काय वाघ आहोत?

१९ मार्च, बुधवार

तिला स्वयंपाकात चार आहेत. वाचलो! पण मे महिन्यात फेरतपासणी आहे.

१४ मे, बुधवार

आज तपासणीवाली बाई शाल्मलीच्या फ्लॅटवर आली. मी आधीच जाऊन बसले होते. लिंडा आवरून गेली होती, पण घराची काय ती दशा! न्हाणीतलं ते प्लॅस्टिकचं स्टूल बाल्कनीत टाकलं, बरण्या उघडायचं यंत्र कपाटात कोंबलं. परक्या माणसाला कशाला दाखवायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. शाल्मली आत कपडे बदलत होती, तिला पत्ताच नाही. आणि पोहे केले. वर खोबरं, कोथिंबीर.

बाई तरुण, गोड होती. पोहे फार आवडले तिला. शाल्मलीकडे बघून म्हणाली, "डिड यू मेक दीज?" आणि मी — का, कशी, देव जाणे — म्हटलं, "येस येस, शी मेड. एव्हरीथिंग शी मेक्स! व्हेरी क्लेव्हर गर्ल."

शाल्मली म्हणाली, "नो, मम मेड देम." मी हसून म्हटलं, "शी इज शाय!"

माझ्या आईनं संजयच्या घरच्यांना असंच सांगितलं होतं. तेव्हा मला धड चहा येत नव्हता. आलेल्या माणसाच्या हातात पोह्यांची बशी दिली की आमच्याकडे तोंडातून तेच वाक्य येतं.

बाई गेल्यावर शाल्मलीनं उरलेल्या पोह्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "आई, ती काय मुलाची आई होती का?"

१५ मे, गुरुवार

मूर्ख. मूर्ख. मूर्ख.

१२ जून, गुरुवार

निकाल आला. भत्ता चालू आहे, बेरीज भरली. पण स्वयंपाकात चारचे दोन झाले. लिहिलंय — पाहुण्यांसाठी गरम पदार्थ स्वतः बनवला. आता चार कुठेच नाहीत. नवा नियम आला की ती सरळ बाहेर.

ओरडली असती तर बरं वाटलं असतं. नुसतं म्हणाली, "इट्स ओके, आई." तिचं इट्स ओके मला ठाऊक आहे.

१४ जून, शनिवार

सल्ला केंद्रातल्या निधीकडे गेलो. मोठी हुशार मुलगी. म्हणाली, "काकू, फेरविचार मागता येतो. पण मग अख्खी केस पुन्हा उघडतात, आहे तेही कमी होऊ शकतं. तिला जवळून बघणाऱ्या कुणीतरी लिहून दिलं तर जोर येईल. तिची सकाळ कशी असते?"

मला सांगता येईना. मी नेहमी दुपारी जाते. दुपारी ती बरी असते.

२० जून, शुक्रवार

काल तिच्याकडे मुक्काम केला. लिंडाला म्हटलं, मी नुसती बघणार, तू तुझं कर.

बघवलं नाही. माझी लेक पलंगाच्या कडेला बसून होती, हात मांडीवर, जसे दुसऱ्याचेच. बोटं मोकळी व्हायची वाट बघत. लिंडा "कम ऑन, लव्ह" म्हणत तिला अंघोळ घालत होती, केस विंचरत होती. चहाचा मग दोन्ही मनगटांत धरला, तरी सांडला. मी उठले तर म्हणाली, "बस आई. हे रोजचा आहे."

सहा वर्षं रोजचंच आहे. आणि मी दुपारी जाऊन डबे ठेवून येत होते, वर म्हणत होते, आज छान दिसतेस हं! मला कुणीतरी खूप रागवायला हवं आहे. कुणी रागवत नाही.

२१ जून, शनिवार

लिहून दिलं. पहिलंच वाक्य — पोहे मी केले होते, मी खोटं बोलले. मग स्टूल, यंत्र, मग, केस, सगळं. शाल्मलीनं इंग्रजी सुधारलं. शेवटी म्हणाली, "तू हे सगळा बघितलीस?" आणि रडली. मीही.

२७ जून, शुक्रवार

सरकार जरा वाकलं. ज्यांना आधीपासून मिळतो त्यांना जुनाच नियम, नवा फक्त नव्यांना. शाल्मली हसत सुटली. "आई, मी वेळेवर आजारी पडले!" असले विनोद मला आवडत नाहीत. पण हसले. फ्लॅट राहिला!

मग नव्यांचं काय? संजय म्हणाला, "आपलं झालं ना?" झालं. झालं बाई.

१ जुलै, मंगळवार

संसदेत चर्चा चालू असतानाच चार गुणांची अट काढून टाकली! भाजी तशीच गॅसवर. आधी आढावा घेणार, मग ठरवणार. म्हणजे पुढे पुन्हा आहेच. पण आज तरी श्रीखंड आणलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

फेरविचारात चार परत मिळाले. शाल्मलीनं फोनवरच पापी दिली.

६ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी दुधाचं पातेलं हातातून सुटलं. संजय पुण्याला गेलेला. मजेत सांगावं म्हणून शाल्मलीला फोन केला, तर ती हसेचना. "आई, केस विंचरता येतो तुला?"

'हो गं, सगळं करते मी' अगदी ओठांवर आलं होतं. म्हटलं, "नाही."

"कधीपासून?"

"मे महिन्यापासून." इथेसुद्धा लिहिलं नव्हतं.

मग म्हणाली, "मी येते. दार नुसता लोटून ठेव. लॅच तुला पण नाही उघडणार, मला पण नाही."