मॅग्नोलिया बघायला ये

१० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू दिलेला निवडुंगही मी मारला, हे आधीच सांगून टाकते. पण तुझ्यासारख्या रोपवाटिकावाल्याला कळवावी अशी बातमी आज माझ्याकडेही आहे. खालच्या गल्लीत दोन्ही बाजूंना मॅग्नोलिया फुललेत! पानाचा पत्ता नाही, नुसत्या काळ्या फांद्या आणि ओंजळीएवढी फुलं. लॅबमध्ये दातांच्या कवळ्या बनवून बनवून पांढऱ्याच्या साऱ्या छटा मला पाठ. ही पाकळी एकीतही बसेना. बघत उभी राहिले आणि कामाला उशीर झाला. लॅबच्या मालकीणबाई चिडल्या, मग दुपारी स्वतःच बघून आल्या.

आईला सांग, मी वेळेवर जेवते, हसतेसुद्धा.

लोभ वाढला नाही तरी चालेल, आटू देऊ नकोस.
तुझी चिमणी

१४ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

फुलांचं वाचून बरं वाटलं, पण फुलांनी पोट भरत नाही. घटस्फोट झाला, आता तिथं तिचं कोण आहे, असं आई रोज विचारते. तुझ्या वहिनीनं मागची खोली रंगवून ठेवली आहे. रविवारी टेम्पो घेऊन येतो. सामान बांधून ठेव. हट्ट पुरे.

तुझ्या काळजीत,
दादा

१७ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

जरूर ये, टेम्पो मात्र रिकामाच परत जाईल. वहिनीला म्हणावं, सुट्टीत हक्कानं येऊन राहीन. पण दादा, लग्न टिकलं तितकी वर्षं मी याच गल्लीतून खाली मान घालून गेले, आज घरी काय ऐकावं लागेल या धास्तीत. झाडं तेव्हाही फुलत असणारच. मला यंदा दिसली. आता कुठे मान वर झालीय, आणि तू टेम्पो आणतोस?

रागावलास तरी लोभ असू दे.
चिमणी

२२ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. रिकामा टेम्पो बघून आईनं मला फैलावर घेतलं. मी सांगितलं, जन्मभर झाडं विकली, पण बघितलं ते कीड कुठं लागलीय एवढंच. काल तू दंडाला धरून झाडाखाली उभं केलंस, तेव्हा पहिल्यांदा नुसतं बघितलं. आणि खरं सांगायचं तर झाडापेक्षा तुलाच बघत होतो. इतकी मोकळी हसताना तुला किती वर्षांत पाहिलं नव्हतं, हेही आईला सांगितलं.

मग तिनं विचारलं, पोरीच्या खोलीत दुसरी खाट मावेल का.

शुक्रवारी तिला गाडीत बसवून देतो. तोवर फुलं टिकतील ना, ते कळव.

तुझा,
दादा